‘वाटो’: निवडीनंतरच्या प्रकल्प नोंदी

लघुपट: ‘वाटो’, म्हणजे मालवणीत वाटा. विषय रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) आणि तिच्यातल्या मासळीचं वाटप. लांबी १७ मिनिटं ४० सेकंद. भाषा मालवणी. चित्रीकरण तळाशील, तालुका मालवण.

१८ नोव्हेंबर २०२४

निवड झाली. युरोपातला, फक्त लघुपटांचा महोत्सव, आंतरराष्ट्रीय स्पर्धा विभाग, मार्च २०२५. महोत्सवाचं नाव नोंदींत लिहायचं नाही. पूर्ण यादी ते फेब्रुवारीत स्वतः जाहीर करणार आहेत आणि तोवर बाहेर बोलू नका असं पत्रात स्पष्ट लिहिलंय.

पहिला फोन रापणीच्या म्होरक्याला, तांडेलकाकांना केला. ते समुद्रावर होते, मागे घारींचा आणि माणसांचा कालवा ऐकू येत होता. मी सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, “बरा झाला. मगे आमका कधी दाखवतलंस?”

इतर सगळी कामं या प्रश्नानंतर. पत्रात मागितलंय ते असं: सिनेमागृहासाठी डीसीपी (प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत), शिवाय पर्यायी प्रत म्हणून प्रोरेस या प्रकारातली व्हिडिओ फाइल, इंग्रजी उपशीर्षकं, पूर्ण संवादांची यादी, छायाचित्रं, दिग्दर्शकाचं टिपण आणि पहिलं प्रदर्शन कुठे झालं त्याची माहिती. सगळं १० जानेवारीच्या आत.

१९ नोव्हेंबर

वही काढली. चित्रीकरणाआधी ठरलेलं या वहीत आहे आणि यापुढचे निर्णय तिच्यावरच घ्यायचेत, म्हणून पद्धत इथे एकदा नीट लिहून ठेवते.

रापणीत पगार नसतो. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धगोल घेत जाते, जाळं सोडत सोडत दुसऱ्या बाजूने परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं उभी राहतात आणि ओढतात. तासन्‌तास. जाळं वाळूवर आलं की मासळीचे वाटे पडतात. ओढणाऱ्याला वाटा, होडीला वाटा, जाळ्याला वाटा. जाळं फाटतं, ते विणावं लागतं, म्हणून त्याचंही पोट धरलेलं असतं.

आमच्याकडे पैसे नव्हते. तेव्हा तांडेलकाकांनीच सुचवलं की फिल्मचीही रापणच करू. म्हणून वहीत कॅमेऱ्याला एक वाटा आहे, ध्वनियंत्रांना एक, होडीला एक, जाळ्याला एक, रोज जेवण रांधणाऱ्या घराला एक, आणि चित्रीकरणात दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला एक. दिग्दर्शकाला एकच. सह्या आहेत, काहींचे अंगठे आहेत. तेव्हा वाटून घ्यायला काही नव्हतं. आता निवडलेल्या प्रत्येक लघुपटाला हा महोत्सव प्रदर्शनाचं मानधन देणार आहे. रक्कम मोठी नाही, पण ती वहीप्रमाणेच वाटली जाईल.

२१ नोव्हेंबर

तांत्रिक बाजू. आम्ही सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रीकरण केलंय आणि सिनेमागृहांचा जुना मापदंड २४ चा. सोपा मार्ग म्हणजे फिल्म २४ वर चालवायची. तसं केलं तर ती चार टक्के संथ होते, १७ मिनिटं ४० सेकंदांची १८ मिनिटं २४ सेकंद होते. कुणाला कळणार नाही असं संकलक मित्राचं म्हणणं. मला पटत नाही. दोर ओढताना जो पुकारा होतो त्याच्यावर माणसांची पावलं पडतात. तो संथ झाला तर ओढणारे दमलेले वाटतील, आणि पहिल्या सात मिनिटांत ते दमलेले नाहीत. आवाजाची पट्टी उतरेल ते वेगळंच.

डीसीपीचे दोन प्रकार आहेत. जुन्या इंटरॉपमध्ये २४ आणि ४८ एवढेच वेग चालतात. एसएमपीटीई प्रकारात २५ चालतो. महोत्सवाच्या तंत्रज्ञांना विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं: एसएमपीटीई द्या, २५ चालेल. विषय संपला.

२४ नोव्हेंबर, पणजी

५५वा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, चालू आहे, २० ते २८. आपल्याला हा फायदा मोठा आहे. २००४ पासून हा महोत्सव गोव्यात भरतो आणि मालवणहून सकाळी निघालं की दुपारच्या खेळाला पोचता येतं. सिंधुदुर्गातल्या सिनेमा करू बघणाऱ्या पोरांनी प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवून इथे यावंच.

मी आवाज ऐकायला आले होते. एकाच सभागृहात पुढच्या रांगेत, मग मध्ये, मग अगदी मागच्या कोपऱ्यात बसले. आमची फिल्म आतापर्यंत आवाजाच्या दोन वाहिन्यांवर मिसळलेली आहे, म्हणजे लाट, माणूस आणि दोर सगळं पडद्यातूनच येतं. ५.१ या सहा वाहिन्यांच्या ध्वनिरचनेत संवादांना मधली वाहिनी मिळते, डावी-उजवी मोकळी होते आणि मागच्या भिंतींवर वातावरण ठेवता येतं. एका फिल्ममध्ये पाऊस चहूबाजूंनी वाजवला होता. मागच्या रांगेतली माणसं मान वळवून बघू लागली आणि पडद्यावरचं पात्र त्या क्षणी हातचं गेलं. आपला समुद्र मागे नेऊ, पण अगदी हलका.

२९ नोव्हेंबर, तळाशील

ध्वनीची माणसं पहाटे चारला वाळूवर. तळाशील म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, मध्ये माडांची अरुंद पट्टी. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाटा दबलेल्या असतात आणि माणसाचा आवाज स्वच्छ मिळतो. दहानंतर वारा फिरला की मायक्रोफोनवर फक्त भरभर.

रापण आज लागणारच होती. आमच्यासाठी कुणी वेगळी ओढली नाही आणि तसं सांगायचंही नव्हतं. एक ध्वनियंत्र उत्तरेच्या टोळीत, एक दक्षिणेच्या. दोन्ही टोळ्यांचे पुकारे वेगळे घेतले. ओला दोर कमरेला घासतो तो आवाज वेगळा घेतला, दोर गुंडाळणाऱ्या पोराजवळचा वेगळा. जाळ्याची बुडं वाळूवर सरकतात तेव्हा जो बारीक खळखळाट होतो, तो चित्रीकरणाच्या वेळी लाटेत बुडाला होता. आज मिळाला.

प्रश्न असा उभा राहिला: समुद्राकडे तोंड केलं की उत्तरेची टोळी उजवीकडे येते. कॅमेरा किनाऱ्याकडे वळला की तीच टोळी डावीकडे. दर शॉटला पुकारे उड्या मारू लागले तर प्रेक्षकाला दिशाच राहणार नाही. ध्वनी आरेखकाचं मत, आवाजाने कॅमेऱ्याबरोबर फिरावं. बऱ्याच वादानंतर ठरलं की आवाज कॅमेऱ्याबरोबर नव्हे, फिल्ममधल्या बाईबरोबर राहील. ती दक्षिणेच्या दोराला उभी आहे. तिची टोळी जवळ, समोरची लांब. पुकारा डाव्या-उजव्या बाजूने कमी आणि जवळ-दूर या अंतराने जास्त कळेल. रापण ओढताना डोळे मिटले तर असंच ऐकू येतं. वयनीला विचारलं, तीही हेच म्हणाली.

वयनी म्हणजे फिल्ममधली बाई. नवरा गेल्यावर त्याच्या जागी दोराला उभी राहिलेली. एरवी ती मासळी विकते, आणि कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभी राहिली.

मासळी: थोडी तारली, थोडे पेडवे, बाकी कचरा. आमच्याही वाटणीची तारली दिली. घेतली.

३ डिसेंबर

उपशीर्षकं पूर्ण. जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं. एकावर एक संवाद असलेल्या वाटपाच्या प्रसंगात सगळं लिहिलं तर चेहरे झाकले जातात. तिथे फक्त वयनी आणि तांडेल, बाकीच्यांचा गलका तसाच ऐकू द्यायचा. संवादांची यादी पाठवली.

४ डिसेंबर

दिग्दर्शकाचं टिपण लिहायला बसले. दीडशे शब्द.

मदतीला आलेल्या मित्राने मसुदा केला त्यात ‘लोप पावत चाललेली परंपरा’ असं होतं. ते काढलं. रापण आपोआप लोप पावत नाहीये. पर्ससीनची, म्हणजे यांत्रिक बोटींवरून थव्याभोवती टाकून खालून आवळायची मोठी जाळी किनाऱ्याजवळ थव्याचे थवे उचलतात, तिथे वाळूवर उभं राहून ओढणाऱ्याच्या जाळ्यात काय उरणार? राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर बंधनं आणली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. रात्री तळाशीलच्या वाळूवर उभं राहिलं तर क्षितिजावर उजेड अजून दिसतो. कारणं अशी नावानिशी माहीत असताना ‘लोप’ म्हणणं मला मान्य नाही.

टिपणात शेवटी एवढंच लिहिलं: ही फिल्म कमी मासळी कशी वाटली जाते त्याबद्दल आहे. भरपूर असताना वाटून खाणं कुणालाही जमतं.

६ डिसेंबर

पहिल्या प्रदर्शनाचा पेच. अनेक महोत्सव पहिलं प्रदर्शन आपल्याकडेच व्हावं असा आग्रह धरतात. तळाशीलात आधी दाखवली तर? नियमावलीत स्पष्ट नव्हतं, म्हणून सरळ विचारलं. हेही लिहिलं की फिल्ममध्ये काम केलेल्या माणसांनी ती परक्यांच्या आधी पाहावी यावर आम्ही ठाम आहोत.

उत्तर आलं: तिकीट नसलेला, जाहिरात नसलेला, फिल्मशी संबंधित माणसांसाठीचा खेळ म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन नव्हे. खुशाल करा.

तांडेलकाकांना कळवलं. तारीख ३० डिसेंबर, अमावस्या. चांदणं नको म्हणून. त्यांनी लगेच सांगितलं की अवसेला उधाण असतं, पडदा वाळूवर लावू नका, माडांत घ्या.

९ डिसेंबर

वयनीचा पासपोर्ट. महोत्सव एका पाहुण्याचा प्रवास आणि मुक्काम देतो, आणि पत्रात दिग्दर्शकाचं नाव आहे. दुसऱ्या पाहुण्याला राहायची सोय देतील, तिकीट आपलं. वयनीने गेलंच पाहिजे. फिल्म तिच्या खांद्यावर उभी आहे आणि प्रश्नोत्तरांत मी एकटीने तिच्याबद्दल बोलत बसणं मला नको आहे.

शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. लग्नाची नोंदणी त्या काळी केलेली नव्हती. ग्रामपंचायत, तहसील, परत ग्रामपंचायत. कागद जुळले की तत्काळमध्ये अर्ज: १५०० अधिक २००० रुपये.

तिला भीती प्रवासाची नाही, मासळीच्या गिऱ्हाइकांची आहे. आठवडाभर आपण नसलो तर घरं दुसरीकडून घेऊ लागतील. तिची जाऊ त्या दिवसांत टोपली फिरवणार असं ठरलं.

१४ डिसेंबर

वाटेपत्र. ऑक्टोबरपासून शंभराचा स्टॅम्प पेपर चालत नाही, पाचशेचा घेतला. वहीतलंच सगळं वकिलाने कराराच्या भाषेत उतरवलं: मानधन, बक्षीस, विक्री, जे येईल त्याचे वाटे.

तळाशीलच्या शेडमध्ये बैठक. नावं वाचत गेले. चित्रीकरणानंतर आमच्यातला एक ओढणारा गेला. पावसाआधी, आजाराने. त्याचं नाव आलं तेव्हा मी थांबले. फिल्ममध्ये नेमका हाच प्रश्न आहे, गेलेल्या माणसाचा वाटा कुणाचा. कथा लिहिताना मी त्याच्या बाजू मांडल्या होत्या, कुणाचं म्हणणं कसं असेल, कोण विरोध करेल. इथे कुणी विरोध केला नाही. कुणी विचारही केला नाही. तांडेलकाका म्हणाले, “वाटो घराक जातलो. फुडे वाच.”

त्याच्या मुलाने सही केली. पुढे वाचलं.

फिल्मच्या शेवटी याच प्रश्नावर बराच वेळ गप्प बसणारा एक प्रसंग आहे. बदलावा का, असं संकलकाला रात्री विचारलं. तो म्हणाला, फिल्ममधल्या बाईचा झगडा नवऱ्याच्या वाट्याचा नाही, स्वतःच्या वाट्याचा आहे. तिला पूर्ण मोजायचं की अर्धी. बरोबर आहे. प्रसंग तसाच राहील.

२० डिसेंबर, मुंबई

कोकणकन्याने आलो. ५.१ मिश्रण. सिनेमागृहाच्या ८५ डेसिबलच्या संदर्भ पातळीवर ऐकलं तेव्हा लाट फार मोठी निघाली. घरच्या स्पीकरवर ती नेहमी कमी वाटायची. सगळीकडे खाली आणली.

जाळ्याच्या बुडांचा खळखळाट वापरला आहे. एकदाच, जाळं दिसायच्या आधी.

२६ डिसेंबर

डीसीपी तयार, डीसीपी-ओ-मॅटिक या सॉफ्टवेअरवर. मोफत आहे आणि उत्तम आहे. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी लिहिते: डीसीपीत प्रत्येक फ्रेम वेगळी जेपीईजी २००० प्रतिमा म्हणून साठते. आपल्या फिल्मच्या २६,५०० फ्रेम होतात. २के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंदीच्या) चित्राला सेकंदाला २५० मेगाबिटची मर्यादा आहे. ती पूर्ण वापरली तर या लांबीला ३३ जीबी. आम्ही निम्म्याच्या थोडं वर ठेवलं. रंग एक्सवायझेड या सिनेमागृहांच्या रंगपद्धतीत बदलतात, म्हणून साध्या संगणकावर उघडून रंगांचा अंदाज घेऊ नका. सिनेमागृहातच बघा. आम्ही गोव्यातल्या एका चित्रपटगृहात सकाळच्या खेळाआधी बघितली. पहाटेचा निळा थोडा जांभळ्याकडे झुकत होता, दुरुस्त केला.

श्रेयनामावली वेगळ्या रीळमध्ये ठेवली आहे. नावात काही बदल निघाला तर सगळी फिल्म पुन्हा करायला लागू नये.

३० डिसेंबर, तळाशील

माडांत दोन खांब, मध्ये पांढरं कापड, मागून दोर ताणून बांधलेला. बांधला रापणकारांनीच, त्यामुळे वाऱ्यात कापड हललं नाही. जनरेटर लांब, भिंतीमागे. पोरं पुढे वाळूवर, म्हाताऱ्या खुर्च्यांवर, बाप्ये मागे उभे. देवळातून सतरंज्या आल्या.

पहिली काही मिनिटं कुणी फिल्म बघत नव्हतं, माणसं ओळखत होते. नावं घेत होते, हसत होते. गेलेला माणूस दोराला दिसला तेव्हा कुणीतरी त्याचं नाव मोठ्याने घेतलं, बाकीच्यांच्या घेतलं तसंच. मग जाळ्याचा खळखळाट आला आणि सगळे गप्प झाले. जाळं अजून पडद्यावर आलेलं नव्हतं. त्यांना आवाजावरूनच कळलं की आता किती आलंय ते दिसणार. त्या ठिकाणी मला या फिल्मबद्दल जे कळायचं होतं ते कळलं. मार्चमध्ये तिथले प्रेक्षक काय करतील ते करोत.

वाटपाच्या प्रसंगात मागून सल्ले येऊ लागले. पडद्यावरच्या तांडेलाला. “अरे बाजूचो ढीग बघ, ल्हान असा!” वयनी आपल्या जावेच्या मागे बसली होती, अर्धा पदर तोंडावर.

संपल्यावर तांडेलकाका आले. म्हणाले, “सगळ्यांची नावा इली. होडयेचा नाव नाय.”

होडीला वाटा आहे. मग नावही हवं. रात्रीच लिहून घेतलं, जसं होडीवर रंगवलंय तसं. सगळ्या वाडीला विनंती केली की फेब्रुवारीपर्यंत महोत्सवाचं कुठे बोलू नका. एक आजी म्हणाल्या की रापण खय लावतलो ताय आमी कोणाक सांगनाव नाय.

७ जानेवारी २०२५

श्रेयनामावलीत होडीचं नाव, ओढणाऱ्यांच्या यादीत, टाइप त्याच आकाराचा. वेगळी रीळ असल्याने तेवढीच पुन्हा केली. रात्री अपलोड लावलं, दोन वेळा तुटलं; पहाटे मालवणातल्या एका मित्राच्या फायबर जोडणीवरून पूर्ण झालं. मुदतीच्या तीन दिवस आधी. महोत्सवाकडून पडताळणीचा निरोप संध्याकाळी: चित्र, आवाज, उपशीर्षकं, तिन्ही ठीक.

१५ जानेवारी

वयनीचा पासपोर्ट आला. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदारांना फिल्मचं सांगता येत नव्हतं, तिने ‘पाव्हण्यांकडे जातंय’ म्हणून वेळ मारून नेली.

शेंगेन व्हिसाचे अर्ज. शुल्क ९० युरो, गेल्या जूनपासून वाढलेलं. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. महोत्सवाचं निमंत्रण, राहण्याचा पुरावा, बँकेचे कागद. मासळी विकणाऱ्या बाईने उत्पन्नाचा पुरावा काय द्यायचा? मच्छीमार सोसायटीचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडला, आणि वाटेपत्राची प्रत. तिच्या नावाचा हक्क लिहिलेला तो पक्का कागद आहे.

तिच्या तिकिटाचं असं झालं: छायाचित्रणवाल्या मित्राने कॅमेऱ्याचा वाटा आणि ध्वनी आरेखकाने यंत्रांचा वाटा तिकिटाला दिला. वहीत तशी नोंद केली, त्यांच्या सह्यांनी. मानधन आल्यावर त्यातून वळतं करायचं.

२० जानेवारी

भारतातल्या पुढच्या अर्जांची यादी केली. मुंबईचा मिफ (लघुपट-माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव) १९९० पासूनचा, पण दर दोन वर्षांनी. १८वा जून २०२४ मध्ये झाला, म्हणजे पुढचा २०२६. तिरुवनंतपुरमचा लघुपट-माहितीपट महोत्सव दरम्यान येईल. बाहेर जर्मनीतला ओबरहाउझेनचा लघुपट महोत्सव आहे, १९५४ पासूनचा. सगळीकडे पाठवायचं नाही. शुल्क वाट्यांतून जाणार, तेव्हा दर अर्ज वहीत विचारून.

दुपारी वयनीकडे. महोत्सवाने प्रश्नोत्तरांसाठी कोण कोणत्या भाषेत बोलणार ते विचारलंय. ती मालवणीत बोलेल, मी बाजूला उभी राहून इंग्रजीत सांगेन. लोक काय काय विचारू शकतील ते तिला सांगत होते: किती वर्षं काम करता, भीती वाटली का, पुढे काम करणार का. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ता मी सांगान. पण माका त्येंका इचारूचा असा. थयसर मासळेचे वाटे कसे घालतत?”

महोत्सवाला उत्तर पाठवलं: दोघी येत आहोत, भाषा मालवणी, आणि पहिला प्रश्न मंचावरून प्रेक्षकांना विचारला जाईल. त्यांच्याकडे मच्छीमारांची कुणी संघटना असेल तर त्यांना या खेळाचं निमंत्रण द्यावं, हेही त्याच पत्रात लिहिलं.